गृहमतदानाचा अर्ज घरापर्यंत येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे 2023 च्या विधानसभा निवडणुकीत कर्नाटकात ऐंशी पार केलेल्यांना पहिल्यांदाच घरून मत देता आले. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी कर्मचारी आले, सोप्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आजीने त्याआड पेनाने खूण केली, मतपत्रिका पाकिटात घालून चिकटवली आणि पेटीत टाकली. दिवसभर ती खुशीत होती. पुढच्याच वर्षी लोकसभेला मात्र ही सोय तिच्यासाठी उरली नाही. मार्च 2024 मध्ये वयाची अट 80 वरून 85 झाली होती. 7 मेच्या उन्हात, दुखऱ्या गुडघ्यांनी तिला शाळेतल्या केंद्रापर्यंत जाणे जमले नाही. तिचे मत बुडाले.

ऐंशीपुढचे बहुतेक मतदार केंद्रावर येणेच पसंत करतात, असे अट वाढवण्यामागचे कारण तेव्हा बातम्यांत आले होते. हे मला पटत नाही. घरून मत देण्यासाठी भरायचा 12-ड हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत निवडणूक अधिकाऱ्यांकडे पोहोचावा लागतो. आमच्या वाडीत कित्येक म्हाताऱ्यांना तो असतो हेच मुदत सरल्यावर कळले. ज्यांना मिळाला, त्यांना कन्नड वाचता येईना. मराठीच वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने पाच दिवसांत कुणाकुणाच्या पाया पडायचे?

अमेरिकेत यावर बराच अभ्यास झाला आहे. कॅलिफोर्निया, युटा आणि वॉशिंग्टन या राज्यांत प्रत्येक मतदाराला न मागता मतपत्रिका टपालाने पाठवल्यावर मतदान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले आणि कोणत्याही पक्षाला त्याचा वेगळा फायदा झाला नाही, असे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना 2020 मध्ये आढळले. उलट नुसते आधी मतदान करण्याचे दिवस वाढवले आणि नोंदणी सोपी केली नाही, तर मतदान घटूही शकते, असे विस्कॉन्सिन विद्यापीठातील अभ्यासकांनी 2014 मध्ये दाखवले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मतपत्रिकाच दारात येते. आमच्याकडे साधा अर्जही सगळ्यांपर्यंत वेळेत येत नाही. मग लोकांना सोय नको आहे, असा निष्कर्ष कसा काढायचा?

आमची तरुण पोरे कामाला गोव्यात; त्यांच्याही मताची अडचण आहेच. 10 मे 2023 ला गोवा सरकारने कर्नाटकच्या मतदानासाठी भरपगारी सुट्टी जाहीर केली, तेव्हा तिथल्या उद्योजकांनी कुरकुर केली. मतदानाच्या दिवशी भरपगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 135-ब. परगावी राहणाऱ्यांना तिथूनच मत देता यावे म्हणून केलेल्या मतदान यंत्राचा नमुना दाखवायला निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावले होते; त्याचाही विचार पुन्हा व्हावा.

2028 च्या विधानसभेआधी आयोगाने वयाची अट परत 80 करावी. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी (बीएलओ) 12-ड मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, अधिसूचनेची वाट न पाहता, घरोघरी द्यावा, भरून घ्यावा आणि पोच द्यावी.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)