चोपन्न मिनिटांचा हिशेब

प्रिय ताई,

एम.एस्सी.चा निकाल लागला. संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स रिसर्च (मोजक्या साधनांत काम कसं उरकायचं याचं गणित), दोन्ही सुटले! प्रबंधाच्या पहिल्या पानावर रीतसर आभार मानून झालेत. तुझ्या वाट्याला तिथे 'मोलाचं सहकार्य' एवढे दोन शब्द आलेत, आणि ते वाचून माझं मलाच कसंतरी झालं. म्हणून हे उघड पत्र.

प्रकल्पाचा पहिला मसुदा परत आला तेव्हा समासात एकच शेरा होता: 'पुन्हा पाहा.' काय पाहू, ते नव्हतं. रांगेत किती थांबावं लागतं, याचं मॉडेल, तसं साधंच. एक खिडकी, तासाला सरासरी ९ माणसं येणार, खिडकी सरासरी १० जणांना उरकणार. क्षमता मागणीपेक्षा जास्त, सबब रांग नगण्य, असं मी ऐटीत लिहून मोकळी झाले होते. तू ते वाचलंस, हसली नाहीस (याबद्दल वेगळे आभार), माझा लॅपटॉप मिटलास आणि वहीत तीन रकाने आखलेस: आला कधी, नंबर लागला कधी, सुटला कधी. तू यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारखे, कसेही येणारे) आकडे पाडत गेलीस, मी वेळा भरत गेले.

अकराव्या माणसापर्यंत माझंच खरं होतं. बाराव्यानं सतरा मिनिटं घेतली आणि त्याच्यामागच्या सगळ्यांच्या वेळा पुढे सरकल्या, त्या पान संपलं तरी जागेवर येईनात. "पण मघाशी खिडकी रिकामी होती की," मी कुरकुरले. तू म्हणालीस, "रिकामा वेळ साठवून ठेवता येत नाही गं."

सूत्र तू त्यानंतर काढलंस. येणं आणि सेवा दोन्ही घातांकी वितरणाची धरली (म्हणजे वेळा बहुधा छोट्या, मधूनच एखादी खूप लांब), तर खिडकी ०.९ वेळ कामात, ०.१ वेळ रिकामी; ०.९ भागिले ०.१, म्हणजे रांगेत आणि खिडकीवर मिळून सरासरी ९ माणसं. काम सरासरी ६ मिनिटांचं, पुढे ९ जण, म्हणून थांबणं ५४ मिनिटांचं. तशीच दुसरी खिडकी उघडली की थांबणं जेमतेम दीड मिनिट. रांगांच्या गणिताचा पाया घालणाऱ्या एर्लांगनं १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्सवर संभाव्यता लावली, हे मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. त्याला ते का करावंसं वाटलं असेल, ते त्या वहीसमोर कळलं.

सिम्प्लेक्सची टेबलं, ड्युअल, शॅडो प्राइस हे ऑपरेशन्स रिसर्चमधले बाकीचे धडेही तुझ्याकडूनच शिकले, पण ते कुणीही शिकवलं असतं. स्टोकॅस्टिक प्रोसेसेसमध्ये (योगायोगानं बदलत जाणाऱ्या गोष्टींच्या गणिताच्या पेपरात) तू स्वतः एकदा नापास झाली होतीस, हे मात्र तू आपणहून सांगितलंस, तेही माझ्या पेपरच्या आदल्या रात्री. त्या रात्री मी झोपले.

वही अजून माझ्याकडेच आहे. परवा त्यातच एक नवं पान लावलं: दुसरी खिडकी नाही उघडायची, पण प्रत्येकाला बरोब्बर ६ मिनिटंच लागतात असं धरायचं. थांबण्याची ५४ मिनिटं २७ वर आली, निम्मी! तपासून सांगशील?

तुझी,
बाराव्या माणसावर चिडलेली