हिरवी पाटी झाकू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपलं वाजलं, कलाकाराची फिल्म चालू असताना बाहेर पडायच्या दारावरची उजळणारी हिरवी पाटी झाकायची की नाही यावरून. ‘बाबा, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. आई म्हणाली, लिहून पाठवा, बोलायला लागलात की दोघंही एकमेकांचं ऐकत नाही. संग्रहालयातले चित्रपट, संगीत, व्याख्यानं हे सगळं खातं तुझ्याकडे आलंय आणि पहिला कार्यक्रम शनिवारी आहे. तेव्हा दारावरच्या त्या हिरव्या पाटीबद्दल एकदाच लिहितो आणि मग कामाचं बोलतो.

कलाकाराला पूर्ण काळोख हवाय, हे मला समजतं. काळ्या पडद्यावर एकच बारीक रेघ सरकणार असेल, तर बाजूचा हिरवा उजेड डोळ्यांत खुपणारच. पण माणसं घाबरली की ज्या दारानं आत आली त्याच दाराकडे धावतात. दुसरं दार आहे हे त्यांना ती पाटीच सांगते. ४ मे १८९७ला पॅरिसच्या धर्मादाय बाजारात सिनेमॅटोग्राफच्या, म्हणजे सिनेमा दाखवायच्या यंत्राच्या, दिव्यातल्या ईथरनं पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. शंभर वर्षांनी, १३ जून १९९७ला, दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९. तिथे आग बाल्कनीत लागलीच नव्हती. खाली ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर वर चढला, आणि जादा खुर्च्या बसवून एका बाजूची वाट बंद केलेली होती. आता ईथर नाही, झटकन पेटणारी जुनी नायट्रेटची फिल्मही नाही. धूर मात्र कुठल्याही वायरमधून, कुठल्याही काळ्या कापडातून येऊ शकतो.

बरं, काळोख मिळवायचा कसा ते सांगतो. ती पाटी हा मुख्य गुन्हेगार नाहीच. तुमचं दालन पांढरं आहे. पडद्यावरचा उजेड बाजूच्या भिंतींवर आणि छतावर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. म्हणून पडद्याजवळच्या तीन-चार मीटर भिंतींवर आणि तेवढ्याच छताला काळं मॅट कापड लावा. कापड अग्निरोधक प्रक्रिया केलेलं हवं, आणि ते धुतलेलं असेल तर प्रक्रिया परत करून घ्या, धुण्यानं ती बरेचदा निघून जाते. पाटी पडद्याच्या भिंतीवर असेल तर पडदा दुसऱ्या भिंतीवर न्या. बाजूला असेल तर पाटी आणि पडदा यांच्या मध्ये एक काळी उभी पट्टी लावा. उजेड पडद्यावर पडणार नाही, पण पाटी प्रत्येक खुर्चीतून दिसली पाहिजे. प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून बघ.

आणखी एक गोष्ट कलाकाराला सांग, त्याला ती पटेल. काळोख निम्मा डोळ्यांत असतो. उजेडातून आलेल्या डोळ्याला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. प्रेक्षकांना झगझगीत लॉबीतून थेट आत सोडू नका. दहा मिनिटं आधी आत घ्या, दिवे हळूहळू उतरवा, त्या वेळात प्रस्तावना उरका. मग तोच पडदा कितीतरी काळा दिसतो. शिवाय डिजिटल प्रोजेक्टर ‘काळा’ दाखवतानाही थोडा उजेड सोडतोच. पाटी झाकली तरी तो राहणारच आहे.

झालं, पाटीचं संपलं.

सपाट जमिनीच्या दालनात पहिली तक्रार येते सबटायटल्सची. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर असतं. पडद्याची खालची कड एक मीटरवर ठेवली की तिसऱ्या रांगेपासून मागे खालची ओळ पुढच्याच्या केसांत जाते. कड दीड मीटरच्या वर न्या, खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडा, म्हणजे दोन डोक्यांच्या फटीतून दिसतं. छत ठेंगणं असेल तर पडदा लहान करा. मोठा पण निम्मा झाकलेला पडदा काय कामाचा?

डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची चित्रपटाची डिजिटल प्रत, मागवलीत तर डिस्क दोन दिवस आधी हातात हवी. फाइल मोठी असते, सर्व्हरवर चढायलाच तास जातात. चित्रपट कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली, केडीएम, त्या एका सर्व्हरपुरतीच आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. सर्व्हर बदलला की किल्ली निकामी. वितरकाला सर्व्हरचा नेमका प्रमाणपत्र क्रमांक कळवा, आणि किल्ली आदल्या दिवशीच्या चाचणीपासून लागू करून मागा. नुसती पहिली दोन मिनिटं बघून उठू नका. शेवटच्या रिळापर्यंत उड्या मारत जा, आवाजाचे सगळे चॅनल ऐका, सबटायटल्स येतात का बघा. चित्राची चौकटही तपासा. जुना चित्रपट १.३७चा, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद असतो, तो रुंद पडद्यावर ताणला की माणसं जाडी दिसतात आणि दालनातला जाणता प्रेक्षक तिथेच उठतो.

१६ मिलिमीटरचं काही दाखवणार असाल, आणि कलाकारांच्या फिल्म्स बऱ्याचदा त्याच असतात, तर २४ फ्रेमच्या वेगानं मिनिटाला ३६ फूट जातात, ४०० फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. आदल्या दिवशी हातानं गुंडाळत प्रिंट बघ. कडेला सुती हातमोजा धरला की फाटलेलं छिद्र बोटाला लागतं. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचं ॲसिटेट कुजायला लागलंय. ते रीळ बाकीच्यांपासून दूर ठेव आणि मालकाला लगेच कळव.

हक्कांचं तुला नव्यानं सांगायला नको. तरी डिस्क विकत घेतली आहे किंवा कोणाचं स्ट्रीमिंगचं खातं आहे म्हणजे सार्वजनिक खेळ करता येतो असं नाही. परवान्यात खेळांची संख्या आणि प्रवेश फुकट की तिकीट लावून, दोन्ही लिहिलेलं हवं.

आता आवाज. काँक्रीट, काच, उंच छत. टाळी वाजव आणि मोज. तीन-चार सेकंद घुमत असेल तर व्याख्यानातलं एक वाक्य दुसऱ्यावर चढतं. बोलण्यासाठी घुमणं सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी लागतं. अशा वेळी लोक आवाज वाढवतात आणि सगळं आणखी बिघडतं, कारण घुमणंही तेवढंच वाढतं. उलट करा. दोन मोठ्या स्पीकरांऐवजी चार-सहा लहान, प्रेक्षकांच्या जवळ, तोंड माणसांकडे, भिंतीकडे नाही. आवाजाला दहा मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, म्हणून मागच्या स्पीकरांना तेवढा डिले, म्हणजे उशीर, द्या आणि वर दहा-एक मिलिसेकंद जास्त. मग आवाज वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटतो. जाड पडदे भिंतीला चिकटवून लावू नका, वीतभर अंतर सोडा. चिकटलेलं कापड फक्त वरचे सूर शोषतं, खालची घरघर तशीच राहते.

लॅपटॉप जोडला आणि भणभण सुरू झाली, तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतायत का ते आधी बघा. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडायची डबी, घाला. चार्जरची अर्थिंगची पिन काढून भणभण घालवणारे लोक भेटतील. त्यांना मिक्सरजवळ फिरकू देऊ नकोस.

संगीताच्या रात्री वादकांना दालनात लवकर घ्या आणि एसी कार्यक्रमात जेवढा असेल तेवढाच आधीपासून ठेवा. कोरड्या थंड हवेत तबल्याचा सूर चढतो, तारा सरकतात, आणि बाहेर लावलेला सूर आत आल्यावर परत लावावा लागतो. रिकाम्या दालनात साउंड चेकला घुमणं जास्त वाटेल. माणसं भरली की ती शोषून घेतात. आवाजाची मर्यादा आधी ठरवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मानकात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे, आणि दालनात त्याच्याही बरंच खाली राहता येतं. मिक्सरपाशी मीटर ठेव. इअरप्लग दाराशी फुकट ठेवा.

खालच्या बेसनं भिंतीवरच्या फ्रेम थरथरतात, हे संवर्धनवाल्यांना आधी दाखव. भिंतीला हात लावला की कळतं. माणूस बसल्या जागी सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. शंभर प्रेक्षक म्हणजे दहा किलोवॉट, आणि वर श्वासाचा दमटपणा. कागदावरची कामं टांगलेल्या दालनात भरगच्च मैफल ठेवायची नाही. तुमच्या संचालकांनी कितीही म्हटलं तरी.

धुक्याच्या मशीनचंही विचारतील. ते मशीन लावलं की स्मोक डिटेक्टर वाजतो, म्हणून कोणीतरी तो बंद करतं, आणि कार्यक्रमानंतर परत सुरू करायचं राहतं. पुढची प्रदर्शनं मग डिटेक्टरशिवाय चालतात. मनू, हे पाटीपेक्षाही वाईट. बंद करायचाच झाला तर सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं, फक्त त्या भागापुरता, नजर ठेवायला माणूस उभा करून, आणि सुरू केल्याची वेळ त्याच कागदावर लिहून.

पुन्हा तिथेच आलो. आत्याच्या वेळचं तुला आठवत असेलच, त्यावर काही लिहीत नाही.

व्याख्यानांचं थोडक्यात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, मधोमध. एका बाजूला लावला की वक्त्यानं मान वळवली की आवाज जातो. माळ, स्कार्फ, लांब केस घासतात. ट्रान्समीटर अडकवायला खिसा किंवा पट्टा लागतो, ते वक्त्याला आदल्या दिवशी कळव. हँड माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका, शिट्टी वाजते. बॅटरी दर कार्यक्रमाला नवी, उरलेली इतर कामाला वापरा. स्लाइड्स आदल्या दिवशी मागवून आपल्याच मशीनवर चालवा, देवनागरी फॉन्ट आणि आतले व्हिडिओ तिथे हमखास फुटतात. प्रश्नोत्तरांत माइक स्वयंसेवकाच्याच हातात राहू दे. प्रेक्षकाच्या हातात गेला की प्रश्नाचं भाषण होतं. ध्वनिमुद्रणाची परवानगी वक्त्याकडून आधी लेखी घे, मंचावर चढताना नव्हे.

तू म्हणालीस की तिथे काहींना तुझं खातं प्रदर्शनाला लावलेली झालर वाटतं. त्यांना सांग, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९३५लाच फिल्म लायब्ररी काढली. १९४३मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजची तालवाद्यांची मैफल त्याच संग्रहालयात झाली. ‘पथेर पांचाली’ जगात पहिल्यांदा दाखवला गेला तो तिथेच, ३ मे १९५५ला, कोलकात्यात प्रदर्शित होण्याच्या काही महिने आधी, तोही सबटायटल्सशिवाय. भारतीय वस्त्र आणि अलंकारांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि त्याच वसंतात त्याला जोडून अली अकबर खाँसाहेबांचं सरोद आणि शांता राव यांचं नृत्य झालं. आज त्या वस्त्रांपेक्षा लोकांच्या लक्षात काय राहिलंय? तुझ्या हातात आलंय ते हे काम. मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालोय, आई म्हणते पुरे करा आता.

लहानपणी चादर बांधून सावल्यांचा खेळ करायचीस, दादा दारात तिकिटं फाडायचा. आजी येऊन भिंतीला टेकल्याशिवाय तू दिवा घालवायची नाहीस. सगळे ओरडायचे, चालू कर म्हणून, आणि तू चादरीमागून डोकं काढून मोजत बसायचीस कोण कुठे बसलंय ते. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणूनच कालचं ‘वीस मिनिटं’ मला तुझं वाटलं नाही. तिथल्या कोणाचं तरी असणार.

फार लांबलं. तू हे शिकून तिथे गेली आहेस, माझ्याकडून धडे घ्यायची तुला गरज नाही, आणि फोनवरचा माझा आवाज तुझ्यासाठी नव्हता. तरी खुर्च्यांचं एवढं बघ. सुट्या खुर्च्या अंधारात पायात येतात आणि आडव्या पडतात. चार-पाच एकत्र बांधून घे. मधली वाट सव्वा मीटरपेक्षा अरुंद नको, व्हीलचेअरच्या जागा कडेला ठेव, पण दाराच्या रस्त्यात नकोत. दुसऱ्या दाराला मागून कुलूप नाही ना, हे कार्यक्रमाआधी अर्धा तास स्वतः ढकलून बघ. दुसऱ्याला विचारू नकोस, ‘उघडं आहे’ असंच म्हणतात.

दिवे परत आणायचा स्विच कोणाच्या हाताशी असेल, त्याचं नाव प्रोजेक्शनच्या टेबलावर चिकटव. तो माणूस फिल्म चालू असताना उठायचा नाही.

शनिवारी मी फोन करणार नाही. रविवारी दुपारी तू कर, आईला वक्ते कसे बोलले ते ऐकायचंय.

तुझा,
बाबा

ता. क. केडीएमवरची वेळ कोणत्या टाइम झोनची आहे ते नीट वाच. वितरक परदेशातला असला की किल्ली तुमच्या वेळेनुसार खेळ संपायच्या आतच बंद होऊ शकते. शेवटाला निदान सहा तासांची जागा ठेवायला सांग, उशिरा सुरू झालं तर आटापिटा नको.