पोरीला लॉला घालू का, आणि ती नोटीस

प्रिय बाळ्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मागं कुकरच्या शिट्ट्या पण ऐकल्या. फोनवर उत्तर द्यायला गेलो की तू मध्येच तोडतोस आणि मग आपण कारखान्याच्या निवडणुकीवर घसरतो, म्हणून टाईप करत बसलोय, शुद्धलेखन बघू नको. तुझे प्रश्न दोन. पोरगी बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करायचं म्हणतेय तर घालू का, आता एआय आल्यावर वकिलाला काय काम राहणार. आणि रानाच्या वाटपावरनं दादाला नोटीस कधी काढतोस. नोटिशीचं शेवटी बोलू, तिथं तू चिडणार आहेस हे आत्ताच सांगून ठेवतो.

काम गेलंय हे खरंय. मी कऱ्हाडला सिनियरच्या ऑफिसात बसायला लागलो तेव्हा निम्मे पक्षकार नुसतं "साहेब, तारीख काय पडली" एवढं विचारायला यायचे, पाटणच्या पलीकडनं एसटीनं यायचे बिचारे, आणि ती तारीख सांगण्यावर कितीजणांचा रुबाब चालायचा. आता ई-कोर्टाच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की तारीख, रोजनामा, ऑर्डर सगळं समोर. पक्षकारच सकाळी मला फोन करतो, साहेब आज आपलं बोर्डावर आहे बरं का. रुलिंग, म्हणजे जुने निवाडे, शोधायला बार लायब्ररीत तास-तास बसायचो, तेही गेलं. 'मला माहितेय, तुला माहीत नाही' एवढ्यावर ज्याची वकिली उभी होती त्याचं आता अवघड आहे, आणि झालं ते बरंच झालं.

पण परवा काय झालं ऐक. एक स्पेअर पार्टवाला आला, चेक बाउन्सचं मॅटर. मोबाईल पुढं केला आणि म्हणाला नोटीस तयार आहे साहेब, एआयनं लिहिलीय, तुम्ही फक्त लेटरहेडवर घेऊन सही करा, फी पण त्या मानानं घ्या. वाचली. इंग्लिश झकास, माझ्यापेक्षा बरं. पण चेक चार लाखाचा आणि मागणी काय तर व्याज, मानसिक त्रास सगळं एकात घालून सहा लाखाची. चेक बाउन्सच्या कलम १३८ च्या नोटिशीत चेकची रक्कम चुकली की पुढची सगळी केस ढासळते, सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये परत ठणकावलंय, टायपिंग मिस्टेक म्हणून सांगितलं तरी चालत नाही. वर फसवणुकीला ४२० लावलेलं, आणि व्यवहार सगळा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणजे नव्या न्याय संहितेचं कलम ३१८ पाहिजे. खाली एका निवाड्याचा दाखला, नाव-साल-पान सगळं दिलेलं, तो शोधला तर असा निवाडाच नाही! मग मी विचारलं चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात कधी आला, तर म्हणतो झाले असतील की पंचवीसेक दिवस. अरे, तीस दिवसांच्या आत नोटीस निघाली नाही तर त्या बाउन्सवर केसच राहत नाही. मशीननं त्याला हे विचारलं नव्हतं आणि हे सांगायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बसवलं त्याला, चहा मागवला, नवीन नोटीस लिहिली आणि संध्याकाळच्या आत स्पीड पोस्टानं लावली. फी पूर्ण घेतली.

मी पण वापरतो एआय, भाषांतराला, घटनांच्या तारखा ओळीनं लावायला. पण खाली सही माझी असते आणि जज साहेब मोबाईलला विचारत नाहीत, मला विचारतात. न्यूयॉर्कला २०२३ मध्ये असेच नसलेले निवाडे कोर्टात दिले म्हणून वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला, ऐकलं असशील. पूर्वी वकिलाला लिहिण्याचे पैसे मिळायचे, आता तपासून जबाबदारी घेण्याचे मिळणार असं मला दिसतंय. तसंच ते व्हॉट्सॲपचं. लोक स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि म्हणतात पुरावा आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ला सर्टिफिकेट लागतं, दोन भागांत, एक आपण द्यायचा, एक तज्ज्ञानं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, आणि तोवर यानं जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला असतो. काय करणार.

मेसेजमध्ये तू जाता जाता म्हणालास, "पण मग तसल्या माणसांच्या पण केसेस घ्याव्या लागतात ना रे, पोरीला ते कसं जमणार." मला वाटतं तुझ्या अख्ख्या मेसेजात हाच प्रश्न धरण्यासारखा होता, आणि तू तो घाईत टाकून गेलास.

हो, घ्याव्या लागतात. बार कौन्सिलचा नियमच आहे, ज्या कोर्टात वकिली करतो तिथलं काम आलं आणि योग्य फी मिळत असली तर खास कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. आपल्याकडं मात्र कुठं भयंकर काही घडलं, गावं पेटली की बारची, म्हणजे वकील संघटनेची, मीटिंग होते, या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असा ठराव होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलंय की असले ठराव बेकायदेशीर, त्यांना काडीची किंमत नाही. तरी होतात. राग मलाही येतो, मी काय दगड आहे का. पण १८७९ मध्ये पुण्यात वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे सरकारच्या डोळ्यावर यायचं होतं, तेव्हा सार्वजनिक काका उभे राहिले, त्याचं आपल्याला आज कौतुक आहे. आणि २००९ मध्ये कसाबसाठी कोर्टानं अंजली वाघमारेंना नेमलं तर लोकांनी त्यांच्या घरावर दगड मारले. काम तेच की. फडके आपले वाटतात आणि कसाब शत्रू, हा फरक तुझ्या-माझ्या मनातला आहे, वकीलपत्रावर तो लिहायला जागा नसते.

त्याच कसाबच्या खटल्यात आणखी दोन आरोपी होते, आपल्याच देशातले, हे फार जणांना आठवत नाही. स्पेशल कोर्टानं २०१० मध्ये ते दोघं निर्दोष सोडले आणि सुप्रीम कोर्टापर्यंत तो निकाल टिकला. त्यातल्या एकाचे वकील होते शाहिद आझमी, निकालाच्या आधीच, फेब्रुवारी २०१० मध्ये, कुर्ल्याच्या त्यांच्या ऑफिसात गोळ्या घालून मारलं त्यांना. ठरावावर हात वर करणाऱ्यांना मी हे सांगतो, कोणी ऐकतं, कोणी चहा घ्यायला उठतं. पोरीला याची भीती वाटत असेल तर वाटू दे, तिला हे आधी कळलेलं बरं.

आता आमच्या वकील लोकांचं पण सांगतो, नाहीतर म्हणशील स्वतःच्या जातीचं झाकतो. हायकोर्टाचं कोल्हापूरचं बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, सहा जिल्ह्यांना हायकोर्ट जवळ आलं. पूर्वी एका तारखेसाठी ओगलेवाडीला रात्री महालक्ष्मी पकडायची, सकाळी मुंबई, आणि दुपारी कळायचं की मॅटर बोर्डावर पोचलंच नाही. पक्षकाराचा खर्च तर विचारू नको. तर बेंच पाहिजेच होतं. पण त्यासाठी इतकी वर्षं आम्ही जे काम बंद ठेवत आलो, त्यातलं बरंचसं सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालाप्रमाणं बसत नाही, वकिलांना संपाचा अधिकार नाही असं त्यात स्वच्छ म्हटलंय. बेंच मिळाल्यावर पेढे वाटताना ज्याचा भाऊ तेव्हा जामिनाविना आत राहिला तो पेढा घ्यायला आला नव्हता. बारमध्ये हे बोललं की लोक तोंड फिरवतात.

जाहिरातीचं तर विचारूच नको. वकिलानं जाहिरात करायची नाही हा नियम जुना आहे, सत्तरच्या दशकात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात पक्षकारांच्या अंगावर धावून जाऊन केसेस ओढणाऱ्या वकिलांचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं. आता दारात कोण उभं राहतंय, काळा कोट घालून रील टाकतात, मागं सिंहाचं म्युझिक. बार कौन्सिल पत्रकं काढतं. चालू द्या.

मे २०२४ मध्ये ठरलं की पक्षकाराला वकिलाविरुद्ध ग्राहक कोर्टात जाता येणार नाही. बारमध्ये आनंदीआनंद. मला पटतं अर्धं. केस हरली म्हणजे माल खराब निघाला असं नसतं, हे बरोबर. पण मग ज्यानं पैसे घेतले आणि तारखेला गेलाच नाही, त्याच्यासाठी राहिली ती बार कौन्सिलची शिस्तपालन समिती, आणि तिथं आमचाच माणूस आमच्याच माणसाला विचारणार. ग्राहक कोर्ट नको असेल तर ती समिती कडक पाहिजे, एवढं तरी आम्ही मान्य करावं.

पैशाचं, कारण वहिनी तेच विचारणार. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी आता ७५० च्या वर घेता येत नाही, एससी-एसटीला १२५, हेही २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टानं ठरवलं, आधी हजारो रुपये घ्यायचे. ज्युनियरला शहरात २० हजार आणि गावाकडं १५ हजार स्टायपेंड द्यावा असं बार कौन्सिलनं सुचवलंय, सुचवलंय हं, तालुक्याला देणारे शोधून सापडायचे नाहीत. पहिली काही वर्षं तुलाच पोसावी लागेल. आणि जज व्हायचं डोक्यात असेल तर मे २०२५ पासून जेएमएफसीच्या, म्हणजे खालच्या कोर्टाच्या जजच्या, परीक्षेला आधी तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे, कॉलेजातून थेट नाही. म्हणजे पाच आणि तीन आठ धर. एवढं धरूनही ती म्हणाली करायचंय, तर घाल. मेमध्ये कोर्टाला सुट्टी असते, जूनमध्ये पाठव माझ्याकडं, ऑफिसात नको, कोर्टात मागच्या बाकावर बसू दे दिवसभर. उलटतपास बघू दे, आणि निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर दोन वकील एका बांधासाठी कसे घसा कोरडा करतात तेही.

आता तुझी नोटीस. मी काढणार नाही. चिडलास ना? ऐक तरी.

दादानं विहिरीवरची मोटर बंद केली, वाईट केलं. पण वाटपाचा दावा लावला तर आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग शेतसाऱ्याची जमीन म्हणून कागद कलेक्टरकडं, तिथून तहसीलला, मग मोजणी, मग हरकती, आणि मधल्या काळात अपील. तोवर पोरीची सनद येईल आणि तीच तुझी केस चालवेल. तिघांची संमती असली तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडंच वाटप होतं, वकिलाची पण गरज नाही, म्हणजे माझी फी बुडाली बघ.

तिघांची म्हणालो, दोघांची नाही. अख्ख्या मेसेजमध्ये तू "आम्हा दोघा भावांचं निम्मं निम्मं" म्हणालास, आक्काचं नाव एकदाही आलं नाही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित रानात तिचा हक्क तुझ्याएवढाच, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की तो जन्मापासून, आण्णा त्यावेळी हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. आई-आण्णा दोघं गेलेत, म्हणजे तीन सरळ हिस्से. तू म्हणशील आक्का काय मागणार नाही, ती हक्कसोड देईल. देईलही. पण हक्कसोडपत्र माझ्या टेबलावर आलं तर मी आधी तिला एकटीला बसवून विचारणार, तू आणि दादा बाहेर चहाच्या टपरीवर. हे मी प्रत्येक बहिणीच्या बाबतीत करतो, त्यापायी दोन-चार पक्षकार दुसरीकडं गेले, तू गेलास तर तू पण जा.

दादाला मी फोन केलेला नाही, करणार पण नाही, तो म्हणेल मी तुझा वकील म्हणून बोलतोय. तूच कर, पण आधी आक्काला कर. आणि येताना सातबारा, आठ अ आणि आण्णा गेल्यानंतरचा वारसाचा फेरफार काढून आण, ऑनलाईन मिळतो, त्याला काही मी लागत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरीला सांग सीईटीचा फॉर्म स्वतः भर म्हणावं.

तुझा,
वकील (शाळेतला बंड्या)