पाचवं नाव

प्रिय अव्या,

दिवाळीनंतर फोन करतो म्हणालो होतो, तो राहिलाच, रागावू नकोस. आईचा गुडघा आता बरा आहे, माझं बीपी गोळीवर चाललंय. मुद्द्याचं ऐक. पुतण्याने सॅक्सोफोन शिकायला घेतलाय आणि मला म्हणतो, काका, जॅझमधले आजवरचे सगळ्यात ग्रेट पाच सॅक्सोफोनवाले सांग, आधी त्यांनाच ऐकतो. कोलमन हॉकिन्स, लेस्टर यंग, चार्ली पार्कर, कोल्ट्रेन, चार नावं झटक्यात लिहिली. पाचव्यावर अडलोय, आणि हे घरात कुणाला सांगणार?

तुझं उत्तर माहितीये, सनी रोलिन्स. पवईला राहायला गेलास तेव्हापासून एकच टुमणं, साठच्या दशकाच्या शेवटी तो पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता म्हणून. अरे, पवईत राहण्याचे मार्क द्यायचे तर आपल्या मेसवाल्या काकांचा नंबर आधी लागेल! त्यापेक्षा पुलाचं बोल ना. १९५९ला एवढं नाव झालेलं असताना माणूस कार्यक्रम बंद करतो आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाज करतो, थेट १९६१पर्यंत. याच्यापुढे मी काय बोलणार?

तरी माझं मन बेन वेबस्टरकडे ओढतंय. पोरगं सध्या पार्करवर फिदा आहे, ते बरोबरच आहे, पण त्याच्या डोक्यात बसलंय की जो जास्त फास्ट तो जास्त ग्रेट, आणि यादीत हे पक्कं झालं तर पुढे निस्तरणं अवघड. वेबस्टरच्या संथ गाण्यात सूर संपतो तरी फुंकर ऐकू येत राहते, नुसती हवा, ती कुठल्या स्पीडमध्ये मोजायची?

परवा रात्री परत तो १९५७चा सीबीएसचा टीव्ही प्रोग्रॅम लावला, बिली हॉलिडे 'फाइन अँड मेलो' गाते तो. आधी वेबस्टर वाजवतो, मग लेस्टर उभा राहतो, तब्येत पार खचलेली, बारा मात्रांचं नाही रे, बारा बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचं, एकच आवर्तन, मोजके सूर, आणि बिली त्याच्याकडे बघत मान हलवत असते, तो चेहरा तुला आठवत असेलच. दोघंही १९५९ला गेले, तो मार्चमध्ये, ती जुलैमध्ये. म्हणून पहिला नंबर लेस्टरचा, कोल्ट्रेनचा नाही, होस्टेलच्या गच्चीवर तू दोन दिवस अबोला धरलास तरी माझं हेच होतं. कोल्ट्रेनने १९६४ला 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड केलं ते मी देवघरातल्यासारखं जपतो, पण लेस्टर इतक्या कमीत सगळं सांगून जातो त्याला तोड नाही.

तर पाचवा वेबस्टर, रोलिन्स सहावा. तुला हे पटणार नाही, पण लेखी कारणं पाठव, मी वाचीन.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीची बारावी आहे ना यंदा, तिला सांग काका आठवण काढत होता. वहिनींना नमस्कार. यादी रविवारी द्यायचीये, रोलिन्ससाठी भांडायचं असेल तर त्याच्या आत फोन कर, रात्री दहानंतर.

तुझा,
मिल्या