तुझं जहाज मला दिसतंय (कधी कधी)

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ब्राझीलच्या सँटोस बंदरातून निघताना फोनवर हसलास ना, बाबा रोज सकाळी पोहे थंड करून नकाशावर जहाज बघत बसतात म्हणून. बसतो, मग? इंदूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे आयुष्य काढलं मी, गाड्या शोधणं हेच काम. ड्रायव्हर ढाब्यावरून सांगायचा, बस बाबूजी सेंधवा पार झालं, आणि गाडी शिरपूरलाच टायर खोलून उभी.

तुझ्या एआयएसचंही (जहाज कुठे आहे ते रेडिओवरून सांगणारी यंत्रणा) तेच आहे रे. पोझिशन आणि स्पीड जीपीएसवरून आपोआप जातं, त्यावर माझा भरवसा आहे, पण ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय ते), डेस्टिनेशन, ईटीए (पोहोचायची वेळ), स्टेटस हे माणूस हाताने भरतो आणि सगळा घोळ तिथेच. तुम्ही सोयाबीन भरून निघालात (सगळा माळवा सोयाबीन पिकवतो आणि आमचा मुलगा ब्राझीलची चीनला नेतो, असो) तरी दोन दिवस ड्राफ्ट 6.8 मीटरच, म्हणजे रिकामं जहाज. वर स्टेटस ॲट अँकर आणि स्पीड 12 नॉट! नांगर टाकून ताशी 22 किलोमीटर? थर्ड मेट, म्हणजे जहाजावरचा अधिकारी आहेस ना, तुझ्या ड्युटीच्या वेळी बघत जा जरा.

बाकी माहिती ट्रकच्या हिशोबाने पटापट कळली. आयएमओचा 7 आकडी नंबर म्हणजे चेसिस नंबर, मालक बदलो, नाव बदलो, झेंडा बदलो, तो तोच राहतो. एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख नंबर, मात्र नंबरप्लेटसारखा, तुमचा 538 ने सुरू होतो म्हणजे मार्शल आयलंड्सचं पासिंग. लांबी 229 मीटर का, तर गिनीच्या कामसार बंदरात त्याहून लांब जहाज बसायचं नाही, म्हणून नावच कामसारमॅक्स. आणि 82,000 टन डेडवेट, म्हणजे जहाज एकूण पेलतं ते वजन, 25 टनी ट्रक धरले तर सव्वातीन हजार ट्रक! अर्थात त्यात तुमचं तेल, पाणी, राशन, तुम्ही पोरं, सगळं आलं. ग्रॉस टनेज मला आधी वजनच वाटलं होतं, ते निघालं जहाजाच्या आतल्या जागेचं माप.

केप ऑफ गुड होप ओलांडलं आणि तुम्ही गायब. चार दिवस तोच बाण, तिथेच. आईने देव पाण्यात घातले. मग कळलं की किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 नॉटिकल मैलांपर्यंतच ऐकू येतं, पुढे सॅटेलाइट लागतो आणि त्याचे पैसे. मी भरणार नाही. आईला सांगितलंय, सेंधव्याच्या घाटात पण नेटवर्क जातं.

सिंगापूरजवळ रेंज आली की आधी तिला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल, मला बाण दिसेलच. आणि तो ड्राफ्ट.

तुझा,
बाबा