जुने संगणक भंगारात देऊ नका

माननीय संपादक,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत अद्ययावत सेवा थांबली. तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या काही शाळा चालते संगणक भंगारात काढायला निघाल्या आहेत. मी संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि हे पाहून मला फार वाईट वाटतं.

‘विंडोज ११ चढत नाही आणि डीव्हीडी ड्राइव्ह बंद आहे’, एवढंच कारण सांगतात. पण त्या ड्राइव्हची आता गरजच नाही. विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या संगणक चालवणाऱ्या प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरून टाकता येतात. उबुंटूची सध्याची फाइल तर ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावतही नाही. लिनक्स मिंटला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो आणि २ जीबी रॅमवरही ते चालतं. ४ जीबी असेल तर उत्तम. दोन्ही मोफत आहेत. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली असलेली एकच फाइल) उतरवायची आणि रूफससारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट केली तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. बहुतेक जण इथेच अडतात. लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो रिकामाच घ्या. मग संगणक सुरू होताना डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून यूएसबी निवडायचं.

हार्डडिस्कला हात न लावता सगळं आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. वायफाय, प्रिंटर, प्रोजेक्टर, मराठी टंकलेखन तपासा, शाळेच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवा आणि मगच इन्स्टॉल करा.

मुख्याध्यापकांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एका संगणकावर तरी हे करून पाहावं, ही कळकळीची विनंती.

– एक संगणक दुरुस्ती कारागीर, कराड