आईच्या नव्या गोळीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मानसोपचार डॉक्टरांनी दिलेली गोळी आईने अजून सुरूच केली नाही, हे काल फोनवर कळलं. "आधीच दमा, त्यात ही मनाची गोळी, छाती आणखी भरली तर?" ही बाबांची शंका रास्त आहे. औषधांच्या दुकानात रोज काउंटरवर उभी राहणारी तुमची लेक म्हणून मला जे ठाऊक आहे, ते नीट लिहून पाठवते. पत्र जवळ असलं की डॉक्टरांनाही दाखवता येईल.

आई, मावशी गेल्यापासून तुझं जेवण कमी झालंय, पहाटेच जाग येते आणि सकाळचा पंप घ्यायचाही कंटाळा येतो. मला खरी धास्ती त्या कंटाळ्याची आहे. दमेकऱ्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि मन खचलं की रोजचं औषध आधी सुटतं. पंप सुटला की धाप वाढते, मग स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या झोप उडवतात आणि मन आणखी बिघडवतात. नैराश्यावर इलाज केला नाही तर दमाही आवाक्यात येत नाही, असं मला वाटतं ते यामुळेच.

अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी दमा आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 90 जणांवर 12 आठवडे अभ्यास केला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. काहींना नैराश्यावरचं सिटालोप्रॅम दिलं होतं (तुझी नवी गोळी, एस्सिटालोप्रॅम, त्याच्याच घरातली), तर बाकीच्यांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी. धाप-खोकल्यात फरक पडला तो दोन्हीकडे सारखाच, म्हणून या गोळीने दमा बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण औषध घेणाऱ्यांना तोंडाने घ्यायची स्टेरॉइडं कमी लागली. तुला ती घेतल्यावर किती त्रास होतो हे मी पाहिलंय, त्यामुळे मला ही गोष्ट मोठी वाटते.

सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, बेचैनी, थोडी धडधड होऊ शकते. ती दम्याची धाप समजून घाबरू नकोस, पण अंदाजावरही राहू नकोस. श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडा बघ. आकडा नेहमीपेक्षा घसरला असेल तर तो दमाच, आणि मग निळा पंप घ्यायचाच. तो पंप वरचेवर लागू लागला तर मात्र त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांना कळवा. निळ्या पंपातलं सालब्युटामॉल फार झालं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि एस्सिटालोप्रॅमने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा थोडा धोका असतो, पोटॅशियम उतरणं आणि लय बिघडणं हे दोन्ही एकत्र व्हायला नको. सुरू करण्याआधी एक ईसीजी काढून घ्या.

बाबा, आईच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. त्यासोबत ही गोळी घेतली की उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, सोडियम कमी होऊ शकतं. ती गोंधळल्यासारखी बोलली, तोल गेला, डोकं सारखं दुखलं तर वयावर ढकलू नका. सुरू केल्यावर काही आठवड्यांत सोडियमची तपासणी करायची आहेच. गुडघ्यासाठी ती मनाने घेते त्या दुखण्याच्या गोळ्याही बंद करा, या औषधासोबत त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, शिवाय काही दमेकऱ्यांना त्यांनी धाप लागते.

पुढेमागे औषध बदलायची वेळ आली तर आई दम्यासाठी डेरिफायलिनची गोळी घेते हे आधी सांगा. त्यातलं थिओफिलिन फ्लुवोक्सामिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधामुळे शरीरात साचतं, धडधड, उलट्या आणि झटक्यांपर्यंत वेळ जाऊ शकते. आणि धडधडीसाठी कुणी प्रोप्रानोलॉल सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्याने श्वासनळ्या आवळतात, दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. शेजारच्या काकूंना त्याने बरं वाटलं म्हणून आईला चालणार नाही. दम्याच्या मोंटेलुकास्ट गोळीबद्दलही छातीच्या डॉक्टरांना विचारा. त्याने काहींना उदासी येते, झोप बिघडते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आईचं नैराश्य त्यामुळेच आहे असं नाही, पण हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सवय लागेल ही भीती सोडा. झोपेच्या गोळीसारखी या गोळीची चटक लागत नाही. फक्त मनाने एकदम थांबवायची नाही, चक्कर आणि चिडचिड होते. डॉक्टर हळूहळू कमी करतील. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरा. मात्र त्या काळात मन आणखी काळवंडलं, जगणं नको वाटलं, तर आई, रात्र असो की पहाट, बाबांना उठव आणि मला फोन कर.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची, काही लपवायचं नाही. "लोक काय म्हणतील" म्हणून छातीच्या डॉक्टरांपासून हे दडवू नकोस. सगळ्या गोळ्या-पंपांची यादी सोबत पाठवली आहे, ती पाकिटात ठेवा. रविवारी येते, सोमवारी ईसीजीला आपण तिघं मिळून जाऊ.

तुमची,
लेक